देव आत्ता खिडकीपाशी

दुपारचं ऊन तिरपं झालं की बाहुल्यांच्या दुकानात हवेतला कापूस दिसायला लागतो. एरवीही तो असतोच, नाकातोंडात जातो, पदरावर बसतो, पण दिसत नाही. उन्हाची एक तिरीप आत शिरते आणि मग कळतं, अरे, आपण सकाळपासून याच्यातच बसलोय की! देवाचं तरी वेगळं काय असतं म्हणा.

दुकान मामांचं. मोडक्या बाहुल्या तिथे पिशव्यांतून यायच्या आणि धडधाकट होऊन खोक्यांतून जायच्या. हातपाय, केस, सांध्यांचं रबर हे सगळं मामांकडे. डोळे भाचीकडे. भाची म्हणजे खारूची आई. दहा वर्षं ती त्याच खिडकीखाली, त्याच बाकावर डोळे बसवत होती. बाहुलीच्या डोळ्यांमागे तारेला शिशाचा एवढासा गोळा असतो. बाहुलीला आडवं केलं की गोळा कलतो आणि पापण्या मिटतात, उभं केलं की उघडतात. तो अडकला की बाहुली एक डोळा अर्धा मिटून बघायला लागते, आणि ज्या घरात ती असते तिथली पोरं तिला फडक्याखाली लपवून ठेवतात.

आईची तपासायची रीत ठरलेली. डोकं दोन्ही तळव्यांत धरायचं, तोंडासमोर आणायचं, अगदी नाकाला नाक. दोन्ही बुबुळं मधोमध आली की झालं. उजेडासाठी आपण जरा डावीकडे सरकलो तर हातही सरकायचे आणि बाहुलीचा चेहरा आपल्यासमोरच राहायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातांनी आपलं आपणच पाठ केलं होतं.

खारू चार वर्षांची. खाताना दोन्ही गाल भरून घ्यायची आणि एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून बापानेच हे नाव ठेवलं. बाप उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचा. दोराला लटकून दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या बघायच्या आणि एकाही खोलीत शिरायचं नाही, असं त्याचं काम. त्यानेच पहिल्यांदा पाहिलं. वाढदिवसाच्या फोटोत खारूचा उजवा डोळा इतरांसारखा लाल चमकला होता, डावा मात्र पांढरा. "काचेवर डाग असला की आधी विचारायचं, आतून की बाहेरून," तो म्हणाला. "हा आतून आहे गं."

डाग आतूनच होता. डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती. लहान मुलांनाच होतो असा कॅन्सर. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जांघेतून केसासारखी बारीक नळी आत घालायची, ती वर वर नेत थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी न्यायची, आणि औषध तिथेच सोडायचं. बाकीच्या अंगाला त्रास कमी.

"म्हणजे नदीच्या काठाकाठाने जाऊन नेमक्या एका घराशी नाव लावायची," बाप म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पहिल्या खेपेला गाठ अर्धी झाली. खारू भूल उतरताना हसत उठली. "आई, मी पाण्याखाली गेले होते. तिथे सगळे हळू बोलतात."

"सगळे कोण गं?"

"सगळे म्हणजे सगळे. तू विचारू नकोस, मला झोप येते."

दुसऱ्या खेपेनंतर मात्र पापणी सुजली. सूज उतरली तशी पापणी खाली आली ती वर जाईना. बोटाने उचलून पाहिली तर आतला डोळा समोर बघत थांबलेला. उजवा डोळा खिडकीकडे गेला, दाराकडे गेला, आईकडे आला. डावा आपला जागच्या जागी. ती अडकलेली नजर आई दहा वर्षं रोज पाहत होती. फरक इतकाच की या डोक्याच्या मागे स्क्रू नव्हता.

"औषध गाठीला लागलं तसं डोळा हलवणाऱ्या नसांना आणि स्नायूंनाही थोडं लागलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं कधीकधी होतं. बहुतेक मुलांचं हळूहळू परत येतं. काहींचं नाही येत."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. गाठीची एक कड अजून जिवंत होती. तिसरी खेप हवीच होती. पण डोळा असा बसलेला असताना त्याच वाटेने पुन्हा औषध सोडायचं तर उरलीसुरली नजरही जायची भीती. म्हणून सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात हालचाल परतू लागली तर कमी औषधाची तिसरी खेप. नाहीच परतली तर डोळा काढायचा.

"डोळा गेला तरी मुलगी धडधाकट वाढेल, हे नीट ऐकून ठेवा," त्या म्हणाल्या. "मी डोळ्यासाठी जीव पणाला लावणार नाही. पण डोळा वाचण्यासारखा असेल तर तो मला उगाच घालवायचाही नाही."

आता अडचण अशी की खारू दवाखान्यात डोळे उघडायचीच नाही. पांढरा कोट दिसला की दोन्ही डोळे गच्च मिटून, ओठ आत घेऊन बसायची. टॉर्च नको, खेळणं नको, गोळीचं आमिष नको. आणि भूल दिली की डोळे उघडून पाहता येतात, पण भुलीत कुणाचाच डोळा हलत नाही. गाठ दिसते, हालचाल कळत नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी आईच्या हातात एक वही दिली. रोज सकाळी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, डोकं स्थिर धरायचं, समोर काहीतरी हलवायचं आणि लिहायचं, हलला की नाही.

डोकं धरायला दोन हात लागतात. मग हलवायचं कशाने? आईला यात काही अवघड वाटलं नाही. बाकावर बसलं की सुई, दोरा, तार सगळं ती ओठांतच धरायची. तिने लाल बटण दोऱ्यात ओवलं, दोरा दातांत धरला, खारूचा चेहरा तळव्यांत घेतला आणि अंगठ्याने मिटलेली पापणी वर उचलून धरली.

"आई, तू मासा दिसतेस."

"हूं हूं," आई दोरा न सोडता म्हणाली.

ती हळूच डावीकडे सरकली. बटण डावीकडे गेलं. डोळा मधोमध. ती उजवीकडे सरकली. डोळा मधोमध. तिने वहीत लिहिलं, नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या आठवड्यात पापणी आपली आपण अर्धी वर आली, तेव्हा बापाने वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी शीळ घातली. पण डोळा तसाच. खारूनेही आपली तोड काढली होती. काही बघायचं झालं की ती सगळी मानच वळवायची, घुबडासारखी, गोल. त्यामुळे दिवसभरात तिच्याकडे कधीही पाहिलं तरी डोळा समोरच असायचा.

त्या आठवड्यांत आईचे दिवस पाण्याखालून चालल्यासारखे चालले होते. ती बाकावर बसायची, काम व्हायचं, पण कुणी हाक मारली तर ती फार लांबून आल्यासारखी वाटायची. दोरीवर टांगलेली बिनडोळ्यांची डोकी वाऱ्याने हलकेच वळायची, कधी रस्त्याकडे, कधी तिच्याकडे. ताटलीत काचेचे डोळे पडलेले असत, निळे, तपकिरी, करडे. त्यांतला एखादा उचलताना तिला वाटायचं, देवाच्या बाकावरही अशीच ताटली असेल. तो ज्याचं त्याचं नीट बघून लावत असेल. मग माझ्या पोरीच्या वेळी त्याला कुणी हाक मारली असेल का? हा विचार आला की ती स्वतःशीच हात जोडायची. रुसायची आणि लगेच माफी मागायची, घरातल्या मोठ्या माणसाशी वागावं तशी.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी पाणी गेलं, दूध उतू गेलं आणि वहीचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची तारीख. म्हणून मग आईने ते दुकानातच उरकायचं ठरवलं. ऊन तिरपं झालं होतं. मामा एका बाहुलीचा पाय रबराला अडकवत होते आणि तो पाय काही केल्या अडकत नव्हता.

मामा काम करताना गायचे. गाणं म्हणावं तर मध्येच बोलायचे, बोलणं म्हणावं तर शेवटचा शब्द लांबवून सुरात सोडायचे. विषय कायम एकच, देव. पण त्यांचा देव साधा होता. चपला हरवणारा, उशिरा जेवणारा.

"मामा, जरा गप्प बसा. मला हिचा डोळा बघायचाय."

"बघ की. देवाचं नाव डोळ्यांत जातं होय?" असं म्हणून ते गप्प बसले आणि चष्मा कपाळावर ढकलून बघू लागले.

आईने पट्टी लावली, दोरा दातांत धरला, चेहरा तळव्यांत घेतला. डावीकडे सरकली. उजवीकडे सरकली. दोरा काढला आणि पेन्सिल उचलली.

"हे काय केलंस?" मामा म्हणाले.

"तपासलं."

"काय तपासलंस?"

"मामा, चेष्टा नको हं. आज नको."

"चेष्टा नाही गं बाई. पुन्हा कर बघू. त्या बाहुलीवर कर."

आईने वैतागून समोरचं तयार डोकं उचललं, तोंडासमोर धरलं, डावीकडे सरकली. मामांनी नुसतं बोट दाखवलं. तिच्या हातांकडे. हात तिच्याबरोबर सरकले होते. बाहुलीचा चेहरा वळून तिच्याच तोंडासमोर आला होता, बुबुळं मधोमध.

"तू सरकतेस, तुझे हात सरकतात, पोरीची मान सरकते," मामा हळूच म्हणाले. "बटण बिचारं कायम तिच्या नाकासमोर. मग तिने डोळा हलवायचा तरी कशाला? मी असतो तरी हलवला नसता."

आईने वहीकडे पाहिलं. वहीत बेचाळीस रकाने. एक्केचाळीस वेळा नाही.

"मामा, म्हणजे मी..."

"तू काही नाही. रडू नंतर. आधी ऊन आहे तोवर बघून घेऊ. खारूबाई, या इकडे, गादीत बसा."

कोपऱ्यात कापसाची मोठी पेटी होती, बाहुल्यांच्या पोटात भरायचा कापूस. खारूला एरवी तिथे बसायची बंदी. ती आश्चर्याने आईकडे बघत आत उतरली, आडवी झाली आणि कानांपर्यंत बुडाली. कापसाने डोकं दोन्हीकडून असं धरलं की मान वळवायची सोयच राहिली नाही. कुणाचे हात नकोत, काही नको.

"आजोबा, मी ढगात आहे."

"मग तर फारच बरं. तिथून सगळं दिसतं. ऐका. एकदा काय झालं, देवाच्या चपला हरवल्या. दुपारची वेळ, सगळं जग झोपलेलं. देव म्हणाला, आवाज करायचा नाही, हळू हळू शोधायचं. आणि देव निघाला..." शेवटचा शब्द त्यांनी लांबवला, आणि ते पेटीच्या पायथ्याशी उभे राहून हातात लाल बटण धरून गाऊ लागले. "देव आत्ता मध्ये. देव आत्ता मध्ये. आता निघाला... देव आत्ता खिडकीपाशी..."

म्हातारे पाय सावकाश खिडकीकडे चालले. बटण उन्हात शिरलं. आई पेटीच्या कडेवर ओणवी होऊन बघत होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, कारण आता तिचा त्या हातांवर भरवसा नव्हता.

आधी काहीच झालं नाही. उन्हात कापूस तरंगत राहिला. मग खारूचा डावा डोळा खिडकीकडे निघाला. सावकाश, अडखळत, झोपेतून उठलेलं माणूस अंधारात भिंत चाचपत जातं तसा. थोडा गेला, थांबला, पुन्हा थोडा गेला.

"देव परत मध्ये," मामा गायले. "देव आता कपाटापाशी..."

डोळा परतला. कपाटाच्या बाजूला कमी गेला, अर्ध्या वाटेवर थबकला, पण गेला.

"आता देव माळ्यावर!" मामांनी बटण उंच धरलं. डोळा हलला नाही. पुन्हा धरलं. नाहीच. खारूने हनुवटी वर करायचा प्रयत्न केला आणि कापूस नाकात जाऊन शिंकली.

"आजोबा, चपला कुठे होत्या?"

मामा तिथेच खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. तो कपाळावर होता हे विसरून सदऱ्याच्या टोकाने नुसतीच बोटं पुसत राहिले.

संध्याकाळी बापाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस आपण काचेवरचा आपलाच श्वास पुसत होतो." आणि मग, "उद्या त्या बाईंना काय सांगायचं? सहा आठवडे लिहून दिलं आणि आता म्हणायचं, ते सगळं सोडा?"

"हो. तेच सांगायचं."

"त्या म्हणतील, डोळा काढायला नको म्हणून आई गोष्टी रचतेय."

आईलाही तीच भीती होती. रात्रभर तिने कूस बदलली नाही. खारूचा हात तिच्या गळ्यावर होता.

दवाखान्यात मामाही आले, इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे. आईने वही टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, यातलं सगळं चुकीचं आहे."

"खोटं लिहिलंत?"

"नाही. दिसलं तसंच लिहिलं. पण बघायची पद्धत चुकली." आणि तिने आपले दोन हात पुढे करून दाखवलं, बाहुलीचं डोकं कसं धरतात ते. हवेतलं डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डॉक्टरबाई त्या रिकाम्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

"मला तुमच्यावर विश्वास ठेवायला आवडेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आवडून चालत नाही. मला स्वतःला दिसलं पाहिजे. आजच."

खारूने तोवर डोळे गच्च मिटून घेतले होते.

मामा खाकरले. "बाई, राग नसेल तर तो कोट जरा..."

डॉक्टरबाईंनी कोट काढून दाराच्या खिळ्याला अडकवला. मग मामांनी टॉर्चकडे बोट दाखवलं, तो खणात गेला. मग त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. डॉक्टरबाई हसल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. समोर आई बसली, खारूला मांडीत घेऊन, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून. चांगल्या डोळ्यावर पट्टी बसली. आईने कोपर पोटाशी दाबून धरले आणि तळवे खारूच्या कानशिलांवर ठेवले. हात हलायला जागाच नव्हती. पण आता तिला खारूचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो नुसता भांग आणि त्यापलीकडे डॉक्टरबाई.

"गा ना मामा."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"मामा!"

मामांनी डॉक्टरबाईंच्या मागून लाल बटण धरलं आणि बारीक आवाजात सुरू केलं. चपला हरवल्या. दुपारची वेळ. सगळा दवाखाना झोपलेला. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी नंबर ओरडून सांगत होतं, आणि या खोलीत मात्र दुपार झाली. आईला बोटांखाली खारूच्या कपाळाच्या आठ्या सैल झालेल्या कळल्या.

"देव आत्ता मध्ये... आता निघाला... देव आत्ता खिडकीपाशी..."

डॉक्टरबाई खारूच्या तोंडाशी झुकल्या होत्या. आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्याजवळ दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. आणि तिने पाहिलं की डॉक्टरबाईंचे डोळे, थकलेले, खाली काळी वर्तुळं असलेले, हलले. त्यांचा चेहरा जागचा हलला नाही, नुसती बुबुळं, सावकाश, कशाच्या तरी मागोमाग, खिडकीच्या बाजूला गेली. थांबली. थोडी आणखी गेली.

"परत मध्ये..." मामा गायले.

डॉक्टरबाईंचे डोळे परत मध्ये आले. मग दुसरीकडे, अर्ध्या वाटेपर्यंत. आईच्या गालांवरून पाणी वाहून खारूच्या भांगात पडत होतं, पण तिने हात उचलले नाहीत.

"आई, पाऊस," खारू म्हणाली.

"असू दे. हलू नकोस."

तिसरी खेप आठ दिवसांनी झाली, कमी औषधाची. पापणी पुन्हा सुजली, पुन्हा खाली आली, आणि घरात कुणी घाबरलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण महिन्याभराने ती उचलली गेली. गाठीची ती कड आता खडूसारखी पांढरी झाली आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मेलेली गाठ अशीच दिसते. पुढची काही वर्षं बघत राहावं लागेल. नजर त्या डोळ्याला पुसट आहे; आहे तेवढी राहील. हालचाल डावीकडची पुरी आली, उजवीकडची बरीचशी. वरची आली नाही. ती बहुधा येणारही नाही.

त्यामुळे खारूला उंचावरचं काही बघायचं झालं की ती हनुवटी वर करते, चांगली तोऱ्यात, राणीसारखी. शाळेत घातल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी आईला बाजूला घेतलं.

"मुलगी गोड आहे हो, पण जरा शिष्ट वाटते. मी बोलायला लागले की नाक वर करून बघते."

आईने सगळं सांगितलं असतं. सांगावं लागणारच होतं. पण तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या सातव्या मजल्याच्या काचेवर लटकलेल्या माणसाने फडकं हलवलं, आणि शाळेच्या पायरीवर खारूने मान मागे टाकून, नाक आभाळाला लावून, तिथूनच त्याला दम भरला, "बाबा, नीट पूस, डाग राहिलाय!"

"बघा, म्हटलं नव्हतं?" बाई म्हणाल्या.

"शिष्टच आहे," आई म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाला लावला.